लाभ, दोन, तीन

सातारच्या जुन्या कचेरीत
रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी अर्ज दिला तेव्हा
तुपे भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं,
मापारी कोण तुमचे?
इथं तर शेडगे लिहिलंय.

माहेर, म्हटलं.
‘अर्जदाराचा संबंध’ या रकान्यावर
त्यांनी जरा वेळ पेन धरून ठेवलं
आणि शेवटी नुसती रेघ मारली.

रुमालाची गाठ सुटली तसा कागदाचा भुगा
माझ्या पदरावर सांडला, कोंड्यासारखा.
इंग्रजी मला येतं. दहिवडीच्या शाळेत
सव्वीस वर्षं तेच शिकवलं:
नावाचं पहिलं अक्षर मोठं,
कामाचं छोटं.
चुकलं की लाल शाई.

पहिल्या पाहणीत आम्ही मोपारी.
पुढच्या जमाबंदीत माप्रे.
एका साहेबानं तर आम्हाला महापुरे करून टाकलंय,
माण तालुक्यात,
जिथं नदी म्हणजे आठ महिने वाळू!
मी एकटीच हसले. तुप्यांनी वर पाहिलं.

मग बरीच पानं आम्ही नाहीच.
वाळवीनं खाल्लेलं एक गाव
आणि त्याच्या कडेला उरलेला अर्धा आकडा.

मग अठराशे सत्त्याहत्तर.
तलावाच्या दुष्काळी कामावरची धान्यवाटपाची वही,
शाई तपकिरी, हस्ताक्षर घाईचं:
सटवा बिन येसू, मापारी.
खोटं माप. दंड आठ आणे. कामावरून कमी.

एवढंच.
आणि मापारीतला एम छोटा.

आपल्याकडे अक्षराला अशी उंची नसते.
महाराजांचा म आणि मापाऱ्याचा म
एकाच शिरोरेघेला लोंबकळतात.
पण इथं तो छोटा आहे. म्हणजे त्या दिवशी सकाळपर्यंत
ते आमचं आडनाव नव्हतं,
सटवाच्या हातातलं काम होतं.
संध्याकाळी काम गेलं.
हात रिकामे झाल्यावर जे चिकटून राहिलं
ते आम्ही दारावर लावलं.

खोटं माप.
शिक्षिका म्हणून सांगते, विशेषण अपुरं आहे.
खोटं म्हणजे कमी?
अधोलीच्या बुडाशी मेण थापून,
चार बोटं आत ठेवून,
उपाशी बाईच्या ओट्यात चिपटंभर कमी?
की खोटं म्हणजे जास्त?
हात फिरवून सपाट करायचा हुकूम असताना
हात अर्ध्यातच थांबला, शीग तशीच राहिली,
आणि ओघळली कुणाच्या तरी फडक्यात?
लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही.
त्याच्या वहीला दोन्ही सारखंच.

बाहेर येऊन भावाला फोन केला.
शीगच असणार गं, तो म्हणाला,
आपल्या रक्तातच आहे ते,
वास्तुशांतीच्या पत्रिकेत छापू.
मी गप्प राहिले.

आबा कोरेगावच्या यार्डात तोलाईला होते.
काट्याला अंगठा लागतो का हो, मी लहानपणी विचारलं होतं.
ते हसले, आणि विडी पेटवायला
उगाचच लांब गेले.
पण पहिल्या गोणीला कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ, दोन, तीन.
मीही तशीच मोजायला शिकले.
पहिलीत गणिताच्या गुरुजींनी
त्या लाभापायी छडी दिली होती,
तिची खूण नाही, पण जागा आठवते.

परत आत गेले.
तुपे रुमाल बांधत होते.
नक्कल पाहिजे का, म्हणाले,
पानाला वीस रुपये पडतील.
पाहिजे.
किती प्रती?

लाभ, म्हटलं मी.

त्यांनी मान वर केली नाही.
एक लिहिलं.